डब्यातल्या अळ्या कुणाच्या?

पावसाळा लागला की आमच्या उपनगरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन विषय हमखास निघतात. एक पार्किंगचा आणि दुसरा कचऱ्याचा. पार्किंगच्या भांडणात आरोपी कोणीही असू शकतो. कचऱ्याच्या भांडणात तो आधीच ठरलेला असतो. जिन्यात अळ्या दिसल्या, म्हणजे कचरेवाली नीट उचलत नाही. तळमजल्यावर उंदीर वाढले, म्हणजे कचरेवाली सांडते. डब्यांना वास येतो, कारण 'त्या लोकांना' घाणीचे काही वाटत नाही. 'त्या लोकांना' हे शब्द कोणीतरी सहज लिहून जातो आणि त्याखाली पाच-सहा अंगठे उमटतात.

घरातल्या डब्यात अळी, झुरळ आणि उंदीर का येतो, याचे उत्तर विज्ञान देते. त्याचा दोष कुणाच्या माथी मारला जातो, याचे उत्तर जातिव्यवस्था देते. आपल्या पांढरपेशा समाजाला पहिले उत्तर नको असते, कारण ते एकदा समजले की दुसरे टिकत नाही. म्हणून आज मी स्वयंपाकघरातल्या बादलीबद्दल लिहिते आहे. आंबेडकरी विचारांच्या लेखनात बादलीचे काय काम, असे ज्यांना वाटते त्यांनी तर हा लेख जरूर वाचावा.

पुण्यात मी ज्या सोसायटीत भाड्याने राहते तिथे गेल्या जुलैत एक बैठक झाली. मी वस्त्यांमध्ये आरोग्याच्या प्रश्नांवर काम करते हे सेक्रेटरींना ठाऊक होते, म्हणून फ्लॅटची मालक नसतानाही मला बसू दिले. विषय एकच होता. नऊ वर्षे घरोघरचा कचरा उचलणाऱ्या ताईंना बंद करून एका ठेकेदाराचा माणूस लावायचा. कारण, अळ्या आणि उंदीर. ताई बैठकीत नव्हत्या. त्यांना बोलवावे असे कोणाला सुचलेच नव्हते. घरटी मिळणारे महिन्याचे पैसे आणि सुक्या कचऱ्यातून निघणारे भंगार यांवर त्यांचे घर चालते, मुलगी बारावीला आहे, हे विषयपत्रिकेवर असण्याचा तर प्रश्नच नव्हता.

मी एकच गोष्ट विचारली. ताई सोमवार ते शनिवार रोज सकाळी येतात. त्या दारातून बादली उचलतात तेव्हाच तिच्यात अळ्या वळवळत असतील, तर त्या अळ्यांची अंडी कधी आणि कुठे घातली गेली?

याचे उत्तर कोणाच्या मतावर अवलंबून नाही. माशीचे वेळापत्रक ठरलेले आहे. घरमाशी एका वेळी शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंडी घालते आणि ती ओल्या, कुजायला लागलेल्या पदार्थावरच घालते. आपल्याकडच्या दमट उष्म्यात ती अंडी साधारण एका दिवसाच्या आत फुटतात. पुढचे काही दिवस अळी नुसती खाते आणि वाढते. पूर्ण वाढ झाली की तिला ओल नको होते, कोरडी आणि अंधारी जागा हवी होते. मग ती बादलीच्या काठावरून चढते, खाली पडते आणि दाराच्या फटीत, पायपुसण्याखाली, जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन कोश करते. उन्हाळ्या-पावसाळ्यात आठवड्या-दहा दिवसांत अंड्यापासून नवी माशी तयार होते. म्हणजे जिन्यात सरपटणारी जाड पांढरी अळी कोणाच्या तरी घरात काही दिवस जेवून बाहेर पडलेली असते. ताई त्या जिन्यात दिवसाला दहा मिनिटे असतात.

यावर बैठकीतून जे उत्तर आले ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोसायटीत येईल असेच होते. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "काही घरांत ते शिजतं ना, त्याचा परिणाम असतो." 'ते' म्हणजे काय हे कोणी विचारले नाही. आपल्या शहरांत 'ते शिजतं का' हा जात विचारण्याचा सभ्य प्रकार आहे. घर भाड्याने घेताना आपण सगळ्यांनीच तो ऐकलेला आहे.

मग मी सुचवले की चार दिवस प्रत्येक बादलीवर फ्लॅटचा नंबर लिहून ठेवा आणि सकाळी सगळ्यांसमोर झाकण उघडा. बराच वेळ चर्चा झाली. दोन घरांनी साफ नकार दिला. बाकीच्यांनी कबूल केले. चार सकाळी मी आणि आणखी दोन बायका वही घेऊन पार्किंगमध्ये उभ्या राहिलो.

अळ्या तीन घरांच्या कचऱ्यात सापडल्या. पहिल्या घरात सणाचे निर्माल्य, केळीची साले आणि उरलेला भात एकाच काळ्या पिशवीत घट्ट गाठ मारून गॅलरीत ठेवला होता, कारण घरचे लोक शनिवार-रविवार गावाला गेले होते. दुसऱ्या घरात न धुतलेल्या दुधाच्या पिशव्या आणि पार्सलचे डबे होते. तिसऱ्या घरात भाजीच्या देठांखाली बादलीच्या तळाशी चार बोटे पाणी साचले होते. पहिल्या दोन घरांत मांस शिजत नाही. जे घर मटण-मासळी खाते म्हणून बदनाम होते, तिथली बाई हाडे आणि काटे वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी देत होती. तिच्या बादलीत काहीच नव्हते. माशीला प्रथिनांचा वास लवकर लागतो हे खरे आहे. निळी-हिरवी माशी तर मांसावरच येते. पण पिकलेल्या आंब्याच्या कोयीवर चिलटे जमतात, आंबलेल्या भातावर माशी बसते आणि सांडलेल्या दुधावर झुरळ येते. किड्याला ओल हवी, ऊब हवी आणि वेळ हवा. या तीन गोष्टी देणारे घर त्याला पुरते. त्या घराचे आडनाव त्याला कळत नाही.

ताईंचे काम राहिले. माझ्या बोलण्याने मतपरिवर्तन झाले, असे मात्र मी सांगणार नाही. ठेकेदाराचा दर जास्त होता आणि वहीतले लिहिलेले सगळ्यांनी पाहिले होते, म्हणून विषय बाजूला पडला. नऊ वर्षे ज्यांच्यावर बोट दाखवले त्यांची कोणी माफी मागितली नाही. मी ताईंना हे सगळे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "अळ्यांचं काय नाय ओ, त्या धुतल्या की जातात. पिशवीची गाठ सोडताना आत काच हाय का ब्लेड हाय ते कळत नाय, त्याची भीती वाटती." त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर टाक्यांच्या खुणा आहेत.

समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात मेरी डग्लस यांचे १९६६ चे 'प्युरिटी अँड डेंजर' हे पुस्तक असते. कुठलीही वस्तू जन्मतः घाण नसते, समाज तिला जी जागा देतो तिच्यामुळे ती घाण ठरते, असा त्यातला विचार आहे. आपल्या स्वयंपाकघरात हे रोज घडते. ताटात असेपर्यंत जे अन्न, ते ताट उचलताक्षणी खरकटे होते. काल फ्रीजमध्ये ठेवलेली मासळी आज काटा झाली की तिला घरात क्षणभरही जागा नसते. सोवळे-ओवळे गेले असे म्हणणारी घरेसुद्धा खरकट्याच्या बाबतीत सोवळीच आहेत. ते बघायचे नाही, त्याला हात लावायचा नाही, काळ्या पिशवीत कोंबून गाठ मारायची आणि दाराबाहेर ठेवायचे. पुढे ती गाठ कोणाचे तरी हात सोडणार आहेत, हे गाठ मारणाऱ्याला माहीत असते. ते हात कोणत्या जातीचे आहेत, हेही माहीत असते. म्हणून तर गाठ मारताना त्याचा हात अडखळत नाही.

पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्या सभासदांमध्ये बहुसंख्य दलित बाया आहेत. यातल्या अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून शहरात आली. गावात शेत नव्हते आणि शहरात ओळख नव्हती. शहराने त्यांना उकिरडा दाखवला. हा योगायोग नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहिताना हेच मांडले होते. जात कामे वाटून थांबत नाही. ती काम करणाऱ्या माणसांना वर-खाली रचते आणि एकमेकांपासून तोडते. एकाने घाण करायची, दुसऱ्याने ती उचलायची आणि पहिल्याने दुसऱ्याला घाणेरडे म्हणायचे. कचऱ्याची बादली म्हणजे या व्यवस्थेचे सगळ्यात छोटे आणि रोजचे रूप आहे.

'घाणेरडे लोक रोग आणतात' ही समजूतही जुनीच आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला तो मांडवीत. मांडवी म्हणजे गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा व्यापारी भाग. उंदीर धान्याच्या मागे आला होता. उंदरावरच्या पिसवेतून प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवले. तोपर्यंत संशयाची नजर गोरगरिबांच्या खोल्यांवर होती. त्याच साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्यांनी स्वतः दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या. दूर उभे राहून नाक मुरडणाऱ्यांच्या परंपरेशी आपला संबंध नाही. आपली परंपरा सावित्रीबाईंची आहे.

आजही उंदराची किंमत तोच चुकवतो ज्याने त्याला पोसलेले नसते. आपल्या उघड्या बादलीवर आणि सोसायटीमागच्या कोंडाळ्यावर उंदीर, घुशी जगतात. त्यांच्या मुतातले लेप्टोचे जंतू पावसाच्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. गमबूट न घालता त्या पाण्यात कोण उभे असते? मुंबई महापालिकेत रात्री गल्ल्यांमधून काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणारे कामगार आहेत. एका रात्रीत तीस उंदरांचे उद्दिष्ट त्यांना असते. शहर झोपेत असताना शहराच्या खरकट्यावर वाढलेला उंदीर एक गरीब माणूस अंधारात शोधतो.

आता कोणी म्हणेल, स्वच्छ भारत अभियान आहे ना. २ ऑक्टोबर २०१४ ला ते सुरू झाले. रस्त्यावर झाडू धरलेले फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. पण झाडूचा फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांनी घरी जाऊन स्वतःची बादली धुतली? सफाईला सेवा आणि पुण्य म्हणण्याची ही रीत नवी नाही. गांधीजींनी भंग्याच्या कामाचा गौरव केला, त्यावर बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात कठोर टीका केली. काम पवित्र आहे असे सांगून माणसाला त्याच कामात अडकवून ठेवणे ही फसवणूक आहे. गाडगेबाबांची गोष्ट वेगळी होती. त्यांनी दुसऱ्याला झाडू देऊन त्याचे गुणगान केले नाही. आधी स्वतः गाव झाडले आणि मग रात्री कीर्तनात त्याच गावाला जाब विचारला.

बाबासाहेबांनी १९२७ च्या महाड परिषदेत मृत जनावराचे मांस खाणे सोडायला सांगितले, गावकीच्या लाचारीतून बाहेर पडायला सांगितले आणि १९३० च्या दशकात मुंबईच्या महापालिका कामगारांची संघटनाही बांधली. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात. जातीने लादलेले काम सोडायचे आणि जो अजून त्या कामात आहे त्याच्या हक्कासाठी उभे राहायचे. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुमारे २७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय मिळवला. हातमोजे, गमबूट, पगारी सुट्टी, कायम नोकरी या मागण्यांना पर्याय नाही. घरातली बादली धुतली म्हणून ठेकेदारी संपणार नाही, हे मलाही कळते. पण मोर्चात घोषणा देणाऱ्याच्या घरातून रोज सकाळी ब्लेड गुंडाळलेली काळी पिशवी बाहेर पडत असेल, तर त्या घोषणेला काय अर्थ उरतो?

इथे मला आपल्याच लोकांशी बोलायचे आहे. आपल्यातले बरेच जण शिकले, नोकरीला लागले, फ्लॅटमध्ये आले. आनंदाची गोष्ट आहे. बाबासाहेबांमुळे हे झाले. पण आपल्या बुद्धविहाराच्या आजूबाजूच्या कॉलन्यांमध्ये मी कामानिमित्त जाते तेव्हा दारातली पिशवी तशीच काळी आणि तशीच गाठ मारलेली असते. कचरा न्यायला येणारी बाई कधी मातंग असते, कधी मेहतर, कधी आपल्यातलीच, नुकतीच गावाहून आलेली. तिला पाणीसुद्धा बाहेरच्या तांब्यातून देणारी घरे मी पाहिली आहेत. आपण व्यवस्था मोडली नाही, फक्त पिशवीची गाठ सोडणाऱ्यांतून गाठ मारणाऱ्यांत गेलो, असे भविष्यात कोणी म्हणाले तर आपल्याकडे उत्तर असायला हवे.

धम्मात याचे उत्तर आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचणाऱ्या प्रत्येकाला राजगृहाचा सुनीत भंगी आठवत असेल. भगवंताने त्याला संघात घेतले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. भिक्खुणींच्या पातिमोक्खातला एक नियम मात्र फारसा सांगितला जात नाही. भिंतीपलीकडे किंवा कुंपणापलीकडे मलमूत्र, केर किंवा उष्टे टाकणे हा तिथे दोष मानला आहे, आणि ते दुसऱ्याकडून टाकवून घेणे हाही तितकाच दोष आहे. विहाराच्या भिंतीवरून फेकलेली घाण बाहेरून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पडली, त्यातून हा नियम आला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाला हे समजले होते की भिंतीपलीकडे कोणीतरी माणूस असतो. दाराबाहेर पिशवी ठेवताना आपल्याला तेवढेच समजायचे आहे.

म्हणून आता करायचे काय, ते सांगते. यात पैसे लागत नाहीत, दिवसाची दहा मिनिटे लागतात.

पहिली गोष्ट पाण्याची. बादलीतला वास आणि अळ्या यांचे मूळ साचलेल्या पाण्यात आहे. पाणी साचले की तळाला हवा पोचत नाही आणि तिथे जे कुजते त्याचाच तो वास असतो. चहाचा चोथा, भाजीचे देठ, उरलेली आमटी आधी जुन्या चाळणीत निथळू द्या, मग बादलीत टाका. तळाला वर्तमानपत्राच्या दोन घड्या घाला, त्या उरलेली ओल शोषतात. ओल्या कचऱ्याला प्लास्टिकची पिशवी नको आणि गाठ तर नकोच. तो उघडा बादलीतून थेट गाडीत रिकामा करता आला पाहिजे.

दुसरी गोष्ट झाकणाची. माशी दिवसा येते, झुरळ आणि उंदीर रात्री येतात. त्यामुळे झाकण दिवसरात्र घट्ट हवे. रात्री झोपण्यापूर्वी ओटा पुसा, मोरीच्या तोंडावर जाळी बसवा, अंगठा जाईल एवढे भोकही बुजवा. कचरा रोज द्या, शिळा होऊ देऊ नका. बादली आठवड्यातून दोनदा गरम पाण्याने आणि साबणाने घासा आणि उन्हात पालथी घाला. कोरड्या बादलीत अंडी जगत नाहीत. हे काम घरातल्या बाईवरच टाकू नका. बादली घासायला पुरुषांचेही हात चालतात. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे तिथे तर चाललेच पाहिजेत.

तिसरी गोष्ट मटण-मासळीची. हाडे, काटे, कोळंबीची साले कागदात गुंडाळून त्याच दिवशी द्या. दुसऱ्या दिवशी गाडी येणार नसेल तर झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. नाक मुरडू नका, कालपर्यंत ते तिथेच होते. आपल्या खाण्याची लाज बाळगायचे कारण नाही, पण आपल्या खाण्यावर बोट ठेवायला कोणाला निमित्तही देऊ नये.

चौथी गोष्ट सुक्या कचऱ्याची. दुधाची पिशवी, पार्सलचा डबा, सॉसची बाटली पाण्याने खळखळून वाळवा. यात दोन फायदे आहेत. झुरळांना खायला उरत नाही आणि ताईंच्या भंगाराला भाव येतो. भिजलेला, खरकटे लागलेला पुठ्ठा भंगारवाला पडत्या भावात घेतो किंवा घेतच नाही. म्हणजे तुमच्या एका नळाच्या धारेने तिच्या हातात चार पैसे जास्त पडतात. 'आपणच सगळे केले तर त्यांची कामे जातील' असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. वर्गीकरणाने तिचे काम जात नाही. तिच्या कामातली घाण जाते आणि मोल वाढते. आणि हो, नारळाच्या करवंट्या, रिकामे डबे गॅलरीत उताणे ठेवू नका. त्यात पाणी साचले की डेंग्यूचा डास त्यातच वाढतो.

पाचवी गोष्ट हाताला इजा करणाऱ्या वस्तूंची. काच, ब्लेड, इंजेक्शनची सुई जाड खोक्यात घालून वर ठळक लिहा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळून वर लाल खूण करा. ही लाल ठिपक्याची पद्धत पुण्याच्या कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने पुढे आणली, कारण ती पाकिटे त्यांनाच उघडावी लागत होती. आणि अळ्या दिसल्या म्हणून बादलीत कीटकनाशक फवारू नका. उंदराचे विष कचऱ्यात टाकू नका. ते विष सकाळी कोणाच्या उघड्या बोटांना लागणार आहे, याचा विचार करा. उकळते पाणी ओतले तरी अळ्या मरतात.

ज्यांना जमेल त्यांनी ओल्या कचऱ्याचे खत घरीच करावे. भोके पाडलेल्या डब्यात एक थर ओला कचरा आणि तेवढाच थर वाळलेली पाने किंवा लाकडाचा भुसा. प्रत्येक वेळी वरचा थर कोरडाच हवा. माशी आली, वास आला, म्हणजे ओल जास्त झाली, आणखी पाने घाला.

यातले बरेचसे तर कायद्यातच होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली, उचलणाऱ्यावर नाही. सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून द्यावा असेही त्यात होते. ज्या सोसायट्या भाडेकरूंना नियमांची पाने वाचून दाखवतात त्यांनी हे पान कधी उलटलेले नसते.

शेवटी एक सूचना. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपण मोठ्या श्रद्धेने भोजनदान करतो. प्रत्येक स्टॉलसोबत झाकणाच्या दोन मोठ्या टाक्या ठेवू, एक खरकट्यासाठी आणि एक पत्रावळी-ग्लासांसाठी. तिथे दोन कार्यकर्ते पाळीपाळीने उभे राहतील आणि रात्री त्या टाक्या स्वच्छ करूनच परत नेतील. दानाचे काम ताट वाढून संपत नाही, ताट उचलून संपते. येत्या रविवारी आपापल्या विहारात वंदनेनंतर हा विषय काढा. ज्या मंडळाचे किंवा विहाराचे ठरेल त्यांनी मला कळवा. टाक्या कशा ठेवायच्या, कार्यकर्त्यांना काय सांगायचे, ते मी येऊन दाखवीन.

जय भीम.